ठेक्यावरची रोजीरोटी

'डीजे' हा शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांत कुणाला नवा राहिलेला नाही. लग्नाची वरात असो, गणपतीचे विसर्जन असो, की निवडणूक जिंकल्याची मिरवणूक असो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी राहिली की लोक म्हणतात, "डीजे आला." म्हणजे आपल्याकडे हा शब्द माणसाचा न राहता यंत्राचाच होऊन बसला. मूळ अर्थ मात्र वेगळा आहे. 'डिस्क जॉकी' या दोन इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. डिस्क म्हणजे ध्वनिमुद्रिका, आपल्या बोलण्यातली तबकडी. आणि जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरचा स्वार. तबकडीवर स्वार होणारा तो डीजे. हा शब्द रूढ झाला तोही अमेरिकेतल्या नभोवाणीवर तबकड्या लावणाऱ्या निवेदकांसाठी, बरं का!

आज आपण माहिती करून घेणार आहोत ती या माणसाची. यंत्रांवर तयार होणारे 'टेक्नो' नावाचे नृत्यसंगीत, आणि त्याहून कडक व भरधाव असे 'हार्ड डान्स' संगीत, यांवर आज जगात अनेकांची पोटे भरतात. हा धंदा शिकतात कसा, त्यात मिळते काय, टिकतो कोण आणि बुडतो कोण, हे समजून घेतले पाहिजे. शिक्षक बंधुभगिनींना तर याचा विशेष उपयोग व्हावा. कारण "गुरुजी, मला डीजे व्हायचंय" असे म्हणणारा एखादा मुलगा आपल्याही वर्गात निघू शकतो. त्याला नुसते हसून भागत नाही.

प्रथम एक भेद ध्यानात घ्या. या धंद्यात दोन कामे आहेत. एक वाजवणाऱ्याचे, दुसरे रचणाऱ्याचे. रचणाऱ्याला तिकडे 'प्रोड्यूसर' म्हणतात. सिनेमाच्या निर्मात्यासारखा तो पैसा गुंतवणारा नसतो. तो स्वतः यंत्रांवर ठेका बसवतो, सुरावट जुळवतो आणि तुकडा मुद्रित करतो. डीजे असे अनेकांचे तुकडे निवडतो, एकात एक गुंफतो आणि रात्रभर नाचणाऱ्यांपुढे मांडतो. आपल्याकडचा शाहीर कवने रचतो आणि फडात उभा राहून गातोही. तसेच इथेही पुष्कळदा एकच माणूस दोन्ही कामे करतो.

तुम्ही म्हणाल, "दुसऱ्याच्या तयार तबकड्या लावायला अक्कल ती किती लागते?" तर तेच पाहू. टेक्नोचा ठेका दिसायला साधा. चार मात्रांचे आवर्तन, आणि प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा एक ठोका. मिनिटाला असे साधारण १२० ते १५० ठोके पडतात. एक तुकडा संपायच्या आत दुसरा त्यात मिसळायचा, आणि नाचणाऱ्याच्या पायाला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही, ही डीजेची पहिली परीक्षा. अडचण अशी की दोन तुकड्यांची गती सारखी नसते. समजा, वाजत असलेला तुकडा मिनिटाला १३० ठोक्यांचा आहे आणि पुढचा १२५ चा. मग पुढची तबकडी शेकडा ४ ने जलद फिरवायला हवी. कारण १२५ चे शेकडा ४ म्हणजे ५, आणि १२५ अधिक ५ म्हणजे १३०. शतमानाचे हे उदाहरण गुरुजींनी वर्गात खुशाल घालावे, मुले कान टवकारून ऐकतील.

या कामासाठी जपानच्या टेक्निक्स कंपनीचे 'एसएल-१२००' हे तबकडीयंत्र जगभर चालले. ते १९७२ साली निघाले. १९७९ च्या सुधारित नमुन्यात गती शेकडा ८ पर्यंत कमीजास्त करणारी सरकपट्टी आली. डीजे एका कानाला हेडफोन लावून येणारी तबकडी ऐकतो, दुसऱ्या कानाने सभागृहात वाजणारी ऐकतो, आणि दोन्हींचे ठोके तंतोतंत एकावर एक पडेपर्यंत ती पट्टी केसाकेसाने हलवतो. हे जमायला महिनोन् महिने जातात. आता संगणक हे गणित आपोआप करून देतो, हे खरे. पण समोरची मंडळी थकली आहेत की रंगात आली आहेत, आता लय चढवायची की दोन घटका दम खाऊ द्यायचा, हे संगणक सांगत नाही. भजनात टाळकऱ्यांच्या तोंडाकडे पाहून बुवा लय वाढवतात ना, ती नजर डीजेलाही स्वतःच कमवावी लागते.

आता या संगीताच्या जन्मगावी जाऊ. अमेरिकेत डेट्रॉईट नावाचे शहर आहे. मोटारींच्या कारखान्यांनी ते भरभराटीला आले. १९५० मध्ये तिथे सुमारे साडेअठरा लाख लोक राहत. पुढे कारखाने हलले, यंत्रमानव आले, माणसांचे काम गेले. २०१० च्या शिरगणतीत वस्ती सव्वासात लाखांच्याही खाली आली. या पडत्या शहरापासून काही कोसांवर बेलव्हिल नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या शाळेत १९७० नंतरच्या दशकात तीन कृष्णवर्णीय मुलांची मैत्री जमली. वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन अशी त्यांची नावे.

या मुलांची खरी शाळा कोणती म्हणाल, तर नभोवाणी! डेट्रॉईटच्या नभोवाणीवर 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या नावाने एक निवेदक रात्री कार्यक्रम करी. अमुक संगीत काळ्यांचे, तमुक गोऱ्यांचे, असा भेद तो मानीत नसे. जर्मनीच्या क्राफ्टवर्क या मंडळींचे यंत्रसंगीत आणि अमेरिकेतले फंक संगीत तो एकाच बैठकीत ऐकवी. मुले रात्र रात्र ऐकत आणि त्यावर वाद घालीत. ऐकता ऐकता त्यांना वाटू लागले, आपणही असे काही करावे.

पण वाद्ये कुठून आणायची? इथे एक गंमत झाली. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये 'टीआर-८०८' आणि १९८३ मध्ये 'टीआर-९०९' ही तालयंत्रे काढली. वादकाशिवाय ठेका धरावा हा त्यांचा हेतू. पण त्यांचा आवाज खऱ्या ढोलासारखा वाटेना, म्हणून वादकांनी नाके मुरडली. दोन-चार वर्षांतच त्यांचे उत्पादन थांबले आणि ती जुन्या बाजारात उतरत्या किमतीला मिळू लागली. ज्यांना नवे वाद्य परवडत नव्हते, त्यांनी ती घेतली. खऱ्या ढोलाची नक्कल न जमणे हा त्या यंत्रांचा दोष मानला गेला होता. या मुलांनी नकलेचा नादच सोडला आणि यंत्राचा आवाज यंत्राचाच म्हणून वापरला. त्यातून टेक्नो निघाले.

आता त्यांनी पुढे काय केले ते नीट पाहा, कारण या धंद्याचे मर्म त्यात आहे. मोठ्या कंपन्यांच्या दारात ते ताटकळत बसले नाहीत. अ‍ॅटकिन्सने १९८५ मध्ये 'मेट्रोप्लेक्स' नावाची स्वतःची छोटी ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. पुढच्या वर्षी डेरिक मे याने 'ट्रान्समॅट' काढली. सॉन्डरसनने स्वतःच्या आद्याक्षरांवरून 'केएमएस' काढली. रचना आपली, छाप आपली, विक्रीचा हिशेबही आपल्या हाती. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये डेट्रॉईटच्या या नव्या संगीताचा संग्रह निघाला आणि त्याच वर्षी सॉन्डरसनच्या 'इनर सिटी' या जोडीची 'बिग फन' ही ध्वनिमुद्रिका तिकडे खूप खपली. युरोपात ही मुले नावारूपाला आली. खुद्द डेट्रॉईटमध्ये मात्र पुष्कळ वर्षे फारसे कुणी विचारले नाही. शहराच्या मध्यवर्ती चौकात या संगीताचा मोठा महोत्सव भरला तो २००० साली, म्हणजे पहिल्या कंपनीनंतर १५ वर्षांनी! पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण साता समुद्रांपलीकडेही खरीच ठरली.

ही वाट पुरुषांनीच तुडवली असे मात्र समजू नका. डेट्रॉईटच्या केली हँड या बाईंनी १९९० मध्ये स्वतःची कंपनी काढली, रचना केल्या आणि देशोदेशी वाजवले. २०१७ मध्ये शहराच्या नगरपरिषदेने त्यांचा गौरव केला. २०२१ मध्ये त्या वारल्या. बर्लिनमध्ये एलेन अ‍ॅलियन या बाईंनी १९९९ मध्ये अशीच आपली कंपनी उभी केली.

बर्लिनचे नाव निघाले म्हणून तिकडची हकीगतही सांगतो. १९८९ च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. पूर्व भागात कितीतरी इमारती ओस पडल्या होत्या. एका जुन्या मोठ्या दुकानाच्या तळघरात पोलादी तिजोरीची खोली सापडली. तिथे १९९१ च्या मार्चमध्ये 'ट्रेझोर' नावाचे नृत्यघर सुरू झाले. ट्रेझोर म्हणजे तिजोरीच. पूर्वेची आणि पश्चिमेची तरुण मुले तिथे एका ठेक्यावर नाचली. त्या घराच्या मुद्रिका कंपनीने काढलेली पहिली ध्वनिमुद्रिका डेट्रॉईटच्या कलावंतांचीच होती. पुढे बर्लिन ही टेक्नोची पेठ बनली. २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले.

एक आख्खे आयुष्य या धंद्यात कसे जाते, हे पाहायचे असेल तर जेफ मिल्स याच्याकडे पाहावे. जन्म डेट्रॉईटमध्ये, १९६३ साली. तरुणपणी 'द विझार्ड' म्हणजे 'जादूगार' या नावाने तो तिथल्या नभोवाणीवर वाजवी. तबकड्या इतक्या झपाट्याने बदली की ऐकणारा चकित होई. पुढे माइक बँक्स याच्याबरोबर त्याने 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' हा गट उभारला. या गटातले लोक तोंडे झाकून वावरत. माणसाचे कौतुक नको, संगीत ऐका, असा त्यांचा बाणा. १९९२ मध्ये मिल्सने 'अ‍ॅक्सिस' ही स्वतःची कंपनी काढली. २००५ मध्ये फ्रान्सच्या माँपेलिए शहरातल्या वाद्यवृंदाबरोबर त्याने आपल्या रचना सादर केल्या. एका बाजूला व्हायोलिनांचा ताफा आणि दुसऱ्या बाजूला हा एकटा, आपली यंत्रे घेऊन. साठी उलटल्यावरही त्याचे वाजवणे चालू राहिले. याचे कारण असे की तो दर काही वर्षांनी काही नवे शिकत गेला आणि आपल्या रचनांची मालकी त्याने सोडली नाही.

आता 'हार्ड डान्स'कडे वळू. हॉलंडात रॉटरडॅम हे मोठे बंदर आहे; गोदीत राबणाऱ्या लोकांचे गाव. १९९० नंतर तिथल्या पोरांना टेक्नोही संथ वाटू लागले. त्यांनी ठोके मिनिटाला १६० वर नेले, काहींनी २०० च्याही पुढे. ९०९ यंत्राचा ढोल त्यांनी मुद्दाम इतका चढवला की आवाज फाटावा. आणि तो फाटका, करकरीत ठोका हीच त्यांची ओळख झाली. या प्रकाराला 'गॅबर' म्हणतात. तिकडच्या बोलीत गॅबर म्हणजे दोस्त. १९९२ मध्ये 'थंडरडोम' नावाचे मोठमोठे जलसे सुरू झाले आणि हजारोंनी पोरे जमू लागली.

याच प्रकारातला पॉल एल्स्टाक. १९९२ मध्ये त्याने 'रॉटरडॅम रेकॉर्ड्स' ही कंपनी चालवून गॅबरला घर मिळवून दिले. पुढे १९९५ मध्ये त्याने त्याच वेगवान ठेक्यावर गोड गळ्याची आनंदी गाणी बसवली. ती अफाट खपली, पण जुने चाहते चिडले. म्हणाले, हा बाजारू झाला. शतकाच्या अखेरीस गॅबरचा भर ओसरला. २००० च्या आसपास मिनिटाला साधारण १५० ठोक्यांचे 'हार्डस्टाइल' पुढे आले आणि २००३ पासून 'डेफकॉन' नावाचा त्याचा वार्षिक महोत्सव भरू लागला. एल्स्टाक मात्र हे सारे चढउतार पाहून पुन्हा आपल्या कडक ठेक्याकडे वळला आणि वाजवत राहिला. या धंद्यात हवा किती लवकर फिरते, हे यावरून दिसेल. ज्याने एकाच हवेवर घर बांधले, त्याचे घर हवेबरोबर गेले.

आता पैशाचे बोलू. त्याशिवाय धंद्याची गोष्ट पुरी होत नाही. पूर्वी रचनाकाराला तबकडीच्या विक्रीवर पैसा मिळे. पुढे संगणकावरून गाणी विकली जाऊ लागली, आणि त्यानंतर तर महिन्याची ठरावीक वर्गणी भरून हवे तेवढे ऐकण्याची सोय झाली. ऐकणारा सुखी झाला. पण छोट्या रचनाकाराच्या पदरी एकेका गाण्यामागे फार थोडे पडू लागले. म्हणून त्याची मिळकत आता मुख्यतः कार्यक्रमांवर आहे. आपल्या तमाशाच्या फडांप्रमाणे त्यालाही सुपाऱ्या घेत गावोगाव फिरावे लागते. फरक इतकाच की बैलगाडीच्या जागी विमान आले. शुक्रवारी एक देश, शनिवारी दुसरा, रविवारी पहाटे तिसरा. झोप नाही, जेवणाची वेळ नाही, आणि भोवती नशापाण्याचा मोह. नावाजलेल्यांना भरघोस बिदागी मिळते. पण बाकीचे कितीतरी जण दिवसा दुसरी नोकरी करूनच रात्रीचा छंद सांभाळतात. २०२० मध्ये साथ आली आणि नृत्यघरांना कुलुपे लागली, तेव्हा ज्यांची मिळकत केवळ सुपारीवर होती, त्यांचे हाल झाले.

मालकीचे महत्त्व पटवायला एक हकीगत पुरेशी आहे. अमेरिकेतल्या 'विन्स्टन्स' या मंडळींनी १९६९ मध्ये 'आमेन, ब्रदर' नावाची एक रचना मुद्रित केली. तिच्यात मध्येच सुमारे ७ सेकंद ग्रेगरी कोलमन या वादकाने एकट्याने ड्रम वाजवले. पुढे आवाजाचा तुकडा कापून पुन्हा पुन्हा वाजवणारी यंत्रे आली. ब्रिटनमधल्या हार्डकोर आणि जंगल या भरधाव प्रकारांत तो ७ सेकंदांचा तुकडा शेकडो, हजारो रचनांत वापरला गेला. कोलमनला त्याचा एक पैसाही मिळाला नाही. २००६ मध्ये तो बेघर, कफल्लक अवस्थेत वारला. २०१५ मध्ये काही चाहत्यांनी वर्गणी काढून त्या मंडळींचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २४,००० पौंड दिले. पण ज्याच्या हातांनी तो ठेका वाजला, तो तेव्हा जगात नव्हता.

या इतिहासात आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. त्यांनी रोलँडची नवी यंत्रे मिळवली आणि १९८२ मध्ये ललित, यमन अशा दहा रागांची एक तबकडी यंत्राच्या ठेक्यावर मुद्रित केली. तेव्हा तिची कुणी फारशी दखल घेतली नाही. २०१० मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली, तेव्हा जाणकार थक्क झाले. कारण अमेरिकेत १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड' म्हणून जो नवा आवाज गाजला, त्याच्याशी जुळणारा आवाज त्याच जातीच्या यंत्रावर पाच वर्षे आधी मुंबईत उमटला होता! उतारवयात चरणजितना युरोपातून बोलावणी आली आणि त्यांनी तिथे जाऊन तरुणांपुढे वाजवले. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले. डेट्रॉईटच्या मुलांना आपली छाप होती, मित्रांचा कंपू होता, ऐकणारी नृत्यघरे होती. चरणजित एकटे होते. नुसती बुद्धी असून भागत नाही, तिच्याभोवती मंडळी लागतात, ती अशी.

शेवटी सर्वांत निकडीची गोष्ट. या धंद्याचे भांडवल कोणते? यंत्रे नंतर, पहिले भांडवल म्हणजे कान. आणि धंदा नेमका तेच भांडवल खातो. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सोसता येतो, असे अमेरिकेतील कामगार-आरोग्य तज्ज्ञांचे प्रमाण आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला अवघी १५ मिनिटे. कानाच्या आत सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मग कानात अखंड शीळ वाजत राहते, आणि बोलणे ऐकू येते पण शब्द उमगत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये नृत्यघरांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. जाणते डीजे कानाच्या मापाचे बोळे घालूनच कामाला उभे राहतात.

आणि आपल्याकडे? ट्रॉलीवर स्पीकरच्या भिंतीला टेकून आपली पोरे सहा-सहा तास बसतात. कानात बोळा नाही, मध्ये विश्रांती नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वर्षातले मोजके, सरकारने जाहीर केलेले दिवस सोडले तर रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. आपण हा नियम शेजारच्या म्हाताऱ्या माणसासाठी आहे असे समजतो. तो त्या ट्रॉलीवरच्या पोरासाठीही आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

तेव्हा गुरुजी, "मला डीजे व्हायचंय" असे म्हणणाऱ्या मुलाला चार गोष्टी सांगा. पहिली, खूप ऐक. भजन, तमाशा, शास्त्रीय, परदेशी, काही वर्ज्य मानू नकोस. दुसरी, दुसऱ्याचे वाजवता वाजवता स्वतःचे रचायला शीक. साधा संगणक असला तरी आरंभाला पुरतो. तिसरी, जे रचशील त्यावर आपले नाव घाल, आणि कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचून घे. चौथी, कान सांभाळ, आणि हाती दुसरे एखादे कसब असू दे. एवढे सांगून झाल्यावर त्याला विचारा, "आत्ता तुझ्या आवडीचा ठेका मिनिटाला किती ठोक्यांचा आहे, मोजून सांग पाहू." मोजायला बसला, तर पोराला खरीच ओढ आहे असे समजा.